हॉलच्या नावाचा नाच



गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या एका मुलीने व्हिडिओ पाठवला. ती स्कॉटलंडमधल्या एका लहान गावात नर्स आहे. दर रविवारी आईला फोन करून "आज वचन कोणतं होतं?" असं विचारते, त्यामुळे ती अजून आमच्याच मंडळीची. व्हिडिओत लाकडी जमिनीचा मोठा हॉल होता, भिंतीला टेकवून ठेवलेली बॅडमिंटनची जाळी होती आणि आठ माणसं नाचत होती. चार बाया, चार गडी. त्यातले एक आजोबा सत्तरीचे तरी असावेत. आमची मुलगीही त्यात होती, सलवार-कमीज आणि पायात मऊ काळे बूट. खाली तिने लिहिलं होतं की हा नाच आमच्या लेझर सेंटरच्या नावाचा आहे.

भक्तीनंतर चहा घेताना आम्ही ती ओळ मोठ्याने वाचली. एक काका लगेच म्हणाले, "लेझीम सेंटर? तिकडंबी लेझीम हाय का?" सगळे हसले. पण काकांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. लेझीमसारखंच हे एकट्याने करायचं काम नाही, हे व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिल्यावर आम्हालाही दिसलं.

लेझर सेंटर म्हणजे काय ते तिने फोनवर सांगितलं. तिथली नगरपालिका चालवते. पोहायचा तलाव, व्यायामाची खोली, खेळायचा हॉल. सकाळी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम, दुपारी आया तान्ह्या लेकरांना घेऊन येतात, संध्याकाळी कराटे, आठवड्यातून एकदा हा नाच. आपल्याकडच्या समाजमंदिरासारखं म्हणा, फक्त त्याला तलाव जोडलेला. दिसायला काही विशेष नाही, विटांची चौकोनी इमारत आणि पुढे गाड्या लावायची जागा.

मग आमच्यातल्या एका अक्कांनी विचारलं, "नाचाला राणीचं नाव देतील, डोंगराचं देतील, नदीचं देतील. असल्या इमारतीचं कोण देतं गं?"

मुलगी म्हणाली, "अक्का, मी इथं नवीन आले तेव्हा सहा महिने ड्युटी आणि खोली, खोली आणि ड्युटी. ह्या हॉलचं दार उघडून आत आले तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी माझा हात धरला. मला तर नाव बरोबर वाटतं."

ह्या उत्तरावर आम्ही बरेच दिवस बोलत राहिलो. आज त्याबद्दलच लिहितो आहोत, कारण इथे आमच्याही एका हॉलचा प्रश्न उभा आहे.

आधी ह्या नाचाबद्दल थोडं सांगतो. मुलीकडून विचारून घेतलं, थोडं स्वतः वाचलं. त्याला स्कॉटिश कंट्री डान्स म्हणतात. जुने नाच आहेत, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे, पण नवे नाच आजही रचले जातात. १९२३ साली ग्लासगो शहरात जीन मिलिगन आणि यसोबेल स्टुअर्ट ह्या दोन बाईंच्या पुढाकाराने ह्या नाचांसाठी एक संस्था निघाली, कारण जुने नाच विसरले जात होते. मिलिगनबाई शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात शिकवत. त्या संस्थेने नाच गोळा केले, लिहून काढले, छापले. आज कोणीही नाच रचू शकतो. पोस्टमन असो, मास्तर असो, गृहिणी असो. आणि रचणारा त्याला नाव देतो.

ही नावं वाचताना मजा वाटते. एका नाचाचं नाव आहे 'पोस्टीज जिग', म्हणजे पोस्टमनचा नाच. एकाचं नाव 'मारीज वेडिंग', कुणा मारीच्या लग्नाचा. एका नाचाला चक्क पाळकाचं नाव आहे, 'द रेव्हरंड जॉन मॅकफार्लन'. (आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्या नावाचा नाच काढाल तर बदलीचा अर्ज टाकीन.") आणखी एक आहे 'द बेस्ट सेट इन द हॉल'. सगळ्या हॉलमधला सर्वांत चांगला गट, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या माणसांची आणि राजघराण्याचीही नावं आहेत, नाही असं नाही. पण पोस्टमन, लग्न, हॉल हेही त्याच पुस्तकांत, त्याच पंगतीत बसलेले.

त्यातल्या एका नाचाची हकिगत मात्र इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सेंट व्हॅलरी इथे स्कॉटलंडची ५१ वी हायलँड डिव्हिजन जर्मन फौजेच्या हाती सापडली. हजारो सैनिक कैद झाले. अधिकाऱ्यांना जर्मनीत लाउफेन इथल्या एका किल्ल्यात ठेवलं. तिथे लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन ह्यांनी एक नाच रचला. बाया नव्हत्याच, पुरुषच नाचले. त्या नाचात मधे अशी जागा येते की नाचणारे एकमेकांचे हात धरून तिरप्या रेषेत उभे राहतात, मग दुसऱ्या बाजूने तशीच तिरपी रेषा होते. दोन्ही रेषा मिळून फुलीसारखा क्रूस बनतो. तो संत अंद्रियाचा क्रूस. स्कॉटलंडच्या झेंड्यावर निळ्या रंगावर पांढरा असतो तोच. हा नाच पुढे १९४५ मध्ये छापला गेला आणि आजही 'रील ऑफ द ५१स्ट डिव्हिजन' ह्या नावाने नाचला जातो.

कैदखान्यात झेंडा लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या शरीरांचा झेंडा केला. आम्ही हे संडे स्कूलमध्ये सांगितलं तेव्हा मुलं एकदम गप्प झाली. मग एका मुलाने विचारलं, "अंद्रिया म्हणजे पेत्राचा भाऊ ना?" हो, तोच. शुभवर्तमानात अंद्रियाबद्दल फार काही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो ठळकपणे तीनदा दिसतो आणि तिन्ही वेळा कोणाला तरी घेऊन येतो. पहिल्या अध्यायात भावाला येशूकडे आणतो. सहाव्या अध्यायात पाच भाकरीवाला मुलगा दाखवतो. बाराव्यात ग्रीक लोकांची गोष्ट फिलिप्पासोबत येशूच्या कानावर घालतो. त्याने मोठं भाषण केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ज्या नाचात दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय आकृतीच बनत नाही, त्यात अंद्रियाचा क्रूस निघावा, हे आम्हाला आवडलं.

आता हा नाच चालतो कसा ते. चार जोड्या दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, एका रांगेत पुरुष, एका रांगेत स्त्रिया. आधी वाकून एकमेकांना नमस्कार. वाजवणाऱ्यांच्या जवळचं टोक म्हणजे वरचं टोक. तिथली पहिली जोडी नाच सुरू करते. ती खाली येते, दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला हात देते, त्यांच्याभोवती फिरते, आणि एक फेरी संपते तेव्हा ती दुसऱ्या जागी आलेली असते आणि दुसरी जोडी वर गेलेली असते. अशा दोन फेऱ्या झाल्या की पहिली जोडी अगदी तळाला जाऊन उभी राहते. मग नवी जोडी सुरू करते. आठ फेऱ्यांत प्रत्येक जोडी वर जाऊन येते, प्रत्येक जोडी तळाला जाते. सगळ्यांना दोनदा पहिलं होता येतं आणि कोणालाही तिसऱ्यांदा नाही.

पहिले ते शेवटचे आणि शेवटचे ते पहिले, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्याशेजारचं वचन आम्ही किती वेळा ऐकलं असेल. पण ते चालताना कसं दिसेल ह्याचा विचार कधी केला नव्हता. आमच्या डोक्यात नेहमी असं असायचं की एक दिवस देव रांग उलटी करील, आणि मग ती तशीच राहील, आम्ही वर आणि ते खाली. इथे रांग उलटी होऊन थांबत नाही. ती फिरत राहते.

आणखी एक गोष्ट मुलीने सांगितली. ज्या जोडीची पाळी नसते ती नुसती उभी नसते. तिने हात तयार ठेवायचा असतो, जागा सोडायची असते, एक पाऊल वर सरकायचं असतं. उभ्या असलेल्यांचं लक्ष नसलं की नाचणारे अडखळतात. "मला आधी वाटायचं माझी पाळी आली की मी नाचणार," ती म्हणाली, "पण मास्तरीण म्हणते, तू उभी आहेस तेव्हाच तुझं खरं काम आहे." आमच्यातल्या ज्या बहिणी वर्षानुवर्षं वनभोजनाची भांडी घासतात, त्यांनी हे ऐकून एकमेकींकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत.

आता आमच्या हॉलकडे येतो.

मन्नाएखेळ्ळी कुठे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आहे, त्यावर हुमनाबाद मागे टाकलं की आमचं गाव लागतं. जिल्हा बीदर, पलीकडे थोडं गेलं की कलबुर्गीची हद्द. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून आजच्या कर्नाटकात. त्यामुळे आमच्या मंडळीत उपासना कन्नडात, भजनं निम्मी मराठीत, भांडणं दखनीत, आणि आजीच्या गोष्टीत थोडं तेलुगू. तूर, सोयाबीन आणि ज्वारीच्या रानांत मजुरी करणारी माणसं जास्त, नोकरीवाले थोडे.

चर्चच्या बाजूला आमचा पत्र्याचा हॉल आहे. कन्नड बोलणारे त्याला 'तगडिन हाल' म्हणतात. लांबी साधारण चाळीस फूट. एका बाजूची भिंत दगडी, बाकीच्या तीन विटांच्या, कारण पैसे आले तसतसं बांधकाम झालं. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की उपदेश ऐकू येत नाही, मग सगळे थांबतात आणि कोणीतरी गाणं धरतं. संडे स्कूल तिथे, संध्याकाळची शिकवणी तिथे, स्त्रियांचा शिवणवर्ग तिथे. लग्नाची पंगत तिथे. कोणी गेलं तर पावसाळ्यात मय्यत तिथेच ठेवतात, कारण घर लहान असतं आणि येणारे पुष्कळ.

आमच्या जुन्या लोकांना ह्या हॉलबद्दल विचारलं की ते इमारतीबद्दल बोलत नाहीत, बसण्याबद्दल बोलतात. एका आजींनी आम्हाला सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. त्यांच्या लहानपणी गावच्या चावडीवर त्यांच्या वडिलांना चढता येत नसे. काही सांगायचं असेल तर खाली उन्हात उभं राहून, पायताण हातात घेऊन सांगायचं. विहिरीवर कोणीतरी वरून पाणी ओतील तेव्हा घागर भरायची. हात लागू नये म्हणून दुकानदार पैसे जमिनीवर ठेवायला सांगे आणि मीठ वरून टाकी. "आम्हाला पहिलं छप्पर ह्या प्रार्थनेच्या खोलीचं मिळालं," त्या म्हणाल्या. "चटईवर सगळे. मिशनच्या बाई आल्या तर त्याबी चटईवर. माझ्या अप्पाचा हात धरून त्यांनी सलाम केला. अप्पा घरी येऊन हाताकडं बघत बसले."

हे ऐकल्यावर स्कॉटलंडच्या त्या मुलीचं म्हणणं आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

निजामाच्या मुलखात अशा छपराचं मोल काय होतं ह्याचं मोठं उदाहरण जालन्याजवळचं बेथेल. तेव्हा जालना आणि बीदर एकाच राज्यात होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मलेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चने १८५४ साली त्यांना मुंबईत पाळकाची दीक्षा दिली. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक मांग आणि महार समाजातले. ज्यांना गावात वेशीबाहेर राहावं लागे त्यांच्यासाठी असं गाव, जिथे वेशीच्या आत-बाहेर हा प्रश्नच नको. स्कॉटलंडमधून आलेल्या पैशाने आणि प्रार्थनेने हे काम चाललं. ज्या देशात हॉलच्या नावाचा नाच होतो त्या देशाशी आपला संबंध असा जुना आहे, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

नाच म्हटल्यावर आमच्या वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हेही सांगायला हवं. व्हिडिओ पाहून झाल्यावर एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "हेरोदियाची मुलगी नाचली आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं ताटात आलं. चर्चच्या जागेत नाच नको." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आमच्या भागात बायकांना नाचवून पैसे उडवणारे जमीनदार होते. आमच्याच जातीच्या मुलींना देवाला सोडून, जोगतीण करून नाचवलं जात होतं. ज्यांनी आपल्या घरात ते पाहिलं त्यांना नाच ह्या शब्दात आनंद ऐकू येत नाही. त्यांच्या ख्रिस्ती होण्यात त्या नाचातून सुटणं होतं. तरुणांनी हे समजून घ्यावं असं आम्हाला वाटतं.

पण पवित्र शास्त्रात नाच एकाच प्रकारचा नाही. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन निघते आणि मागोमाग सगळ्या बाया. कराराचा कोश यरुशलेमात येताना दावीद राजा इतका नाचतो की त्याची बायको मीखल खिडकीतून पाहून त्याला मनात तुच्छ मानते. राजाने असं सेवकांसमोर नाचावं हेच तिला खुपलं. ती वरून पाहत होती, तो खाली लोकांत होता. आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतातून येतो तेव्हा त्याला घरातून काय ऐकू येतं? वाद्यं आणि नाच. प्रभूने स्वतः सांगितलेल्या गोष्टीत बापाच्या घरात नाच चालू आहे. थोरला भाऊ आत जात नाही, अंगणात उभा राहतो, आणि बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. दाखला तिथेच थांबतो. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

स्कॉटलंडच्या मंडळीलाही हा प्रश्न सोपा गेला नव्हता. १६४९ साली तिथल्या जनरल असेंब्लीने स्त्री-पुरुषांनी मिळून नाचण्याविरुद्ध ठराव केला होता. आणि आज? मुलगी सांगते की तिच्या भागातले निम्मे नाचवर्ग चर्चच्या हॉलमध्येच भरतात. लेझर सेंटर दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा त्यांचा वर्गही महिनाभर चर्चच्या हॉलमध्ये गेला, आणि चहा पाळकांच्या बायकोने केला. ज्येष्ठ बंधूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "तीनशे वर्षं लागली म्हणायची." मग थोड्या वेळाने, "आपल्याकडं टाळ-मृदंगाला पण असंच म्हणत होते."

हे त्यांनी फार बरोबर आठवलं. आपल्या मराठी मंडळ्यांत एकेकाळी विलायती चालींवरची भाषांतरित गीतंच जास्त. भजन, अभंग, कीर्तन, टाळ, हे सगळं पूर्वीच्या धर्माचं, ते आत नको, असं मानणारे पुष्कळ होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. आपल्या भाषेचा आणि आपल्या मातीचा सूर ख्रिस्ताच्या पायाशी आणण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. आज टिळकांच्या भजनांशिवाय आमची एक सभा होत नाही, आणि टाळ कोणाच्या डोळ्यात खुपत नाहीत.

तर आता प्रश्न काय आहे ते लिहितो.

आमचा पत्र्याचा हॉल महामार्गाच्या बाजूला आहे. रस्ता मोठा झाल्यापासून त्या जागेला किंमत आली. मंडळीपुढे असा विचार आला आहे की हॉल पाडून तिथे पुढे चार दुकानांचे गाळे काढावेत आणि भाडं मंडळीला घ्यावं. विचार मांडणारे वाईट हेतूने बोलत नाहीत. चर्चच्या छताला गळती आहे. पाळकसाहेबांच्या मुलांची फी आहे. मागच्या वर्षी एका विधवा बहिणीच्या ऑपरेशनला मंडळीने वर्गणी काढली तेव्हा पेटीत किती कमी पैसे आहेत हे सगळ्यांना दिसलं. भाडं आलं तर असं हात पसरायला लागणार नाही. हा हिशेब खरा आहे. आम्ही तो दोनदा मांडून पाहिला.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "इथंही तेच चाललंय. तलावाचं पाणी गरम ठेवायला वीज किती लागते ह्याचा हिशेब करून वेळा कमी केल्यात. मीटिंगमध्ये सगळे आकडे घेऊन येतात. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, माझं नाव कुठल्या कॉलममध्ये आहे ते दाखवा." आम्हाला ती म्हातारी पाहायची इच्छा झाली.

आमच्याकडच्या हिशेबाच्या वहीत शिवणवर्गाची जमा शून्य आहे. शिकवणीची शून्य. मय्यतीच्या रात्री पाऊस पडत असताना दीडशे माणसं कोरडी बसली त्याचीही शून्य. चूक लिहिणाऱ्याची नाही, वहीत तसा रकानाच नाही. ह्यावर उपाय काय, हे आमच्यात ठरलेलं नाही. आमच्यातले दोघे गाळ्यांच्या बाजूचे आहेत, तिघे हॉलच्या. हा लेख आम्ही पाचही जणांनी मिळून वाचून मगच टाकतो आहोत.

दरम्यान तरुण संघाने वेगळंच काही सुरू केलं. सुगीच्या सणाला ते दरवर्षी कोलाट करतात. आमच्या मराठी वाचकांना टिपऱ्या म्हटलं की कळेल. प्रत्येकाच्या हातात दोन काठ्या, दोन गोल, आतला आणि बाहेरचा, एक उजवीकडे फिरतो आणि एक डावीकडे, त्यामुळे प्रत्येकाची काठी प्रत्येकाच्या काठीला लागते. ह्याला बाहेरच्या वडिलांचा विरोध नाही, कारण सणाला शेतमालाची मिरवणूक निघते त्यात ते पूर्वीपासून आहे. पण आजवर कोलाट अंगणात व्हायचं. ह्या वर्षी मुलांनी नवीन रचलंय. सुरुवातीला एकच जण काठी वाजवतो, टक, टक, अगदी सावकाश. मग दुसरा, मग तिसरा. मग सगळे एकदम. पत्र्यावर पाऊस येतो तसं. मग अचानक थांबायचं, आणि त्या शांततेत एकाने भजनाची पहिली ओळ धरायची. उपदेश थांबतो तेव्हा होतं तसंच. त्याला नाव दिलंय 'पत्र्याचं कोलाट'.

स्कॉटलंडचा व्हिडिओ पाहून त्यांनी त्यात एक बदल केला. पूर्वी पुढे चांगले नाचणारे असायचे आणि लहान मुलं मागे. आता दोन फेऱ्या झाल्या की पुढचा मागे जातो. एका लहान मुलीला, जिचा एक पाय पोलिओसारखा बारीक आहे, आधी बाजूला बसून टाळ वाजवायला द्यायचे. आता ती गोलात आहे. तिची पाळी येते तेव्हा बाकीच्यांनी एक ठोका जास्त थांबायचं असं ठरलंय, आणि तो ठोका आता सगळ्या नाचातच राहिला, कारण तो सगळ्यांना आवडला.

पाठ करायला जागा कुठे? अंगणात चिखल आहे. म्हणून तालीम हॉलमध्येच चालते, संध्याकाळी शिकवणी संपल्यावर. ज्येष्ठ बंधूंना विचारून परवानगी घेतली. ते म्हणाले, "कोलाट हाय, डान्स नाही ना? मग करा." पहिल्या दिवशी ते दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी आत घेतली. काठीचा ठेका चुकला की आता ते स्वतः टाळी वाजवून दाखवतात, त्यांच्या तरुणपणी ते ह्या भागातले नावाजलेले कोलाटवाले होते, हे आम्हाला आत्ता कळलं.

ज्या आजींचे वडील हाताकडे पाहत बसले होते, त्याही आल्या होत्या. त्यांना दिसतं कमी. त्यांनी नातवाला विचारलं, किती जण आहेत? तो म्हणाला, सोळा. "सगळ्यांची काठी सगळ्यांना लागते का?" त्यांनी विचारलं. नातवाने हो म्हटल्यावर त्यांनी एक काठी मागून घेतली आणि बसल्या जागी धरून ठेवली, आणि बाहेरचा गोल फिरताना एकेक मुलगा वाकून त्यांच्या काठीवर ठोका देऊन पुढे गेला.

मंडळीची सभा येत्या रविवारी भक्तीनंतर आहे, ह्याच हॉलमध्ये. सभासदांनी वेळेवर यावं. पाऊस आला तर थोडं थांबावं लागेल, पत्र्यामुळे काही ऐकू येणार नाही.